साखर तपासताना विचारायचे दोन प्रश्न

नमस्कार श्रोतेहो.

प्राथमिक आरोग्य केंद्रात मधुमेहाच्या पेशंटची तपासणी कशी होते, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे. बोटाला टोचून साखर बघतात, बीपी घेतात, वजन करतात, केसपेपरवर आकडे लिहितात आणि महिन्याच्या गोळ्या हातात पडतात. साखर वाढलेली असली तर बोलणीही खावी लागतात. ‘भात कमी करा म्हटलं होतं ना? गोळ्या चुकवल्या का?’ पेशंट खाली मान घालून ‘हो’ म्हणतो आणि पुढचा नंबर पुकारला जातो. गोळ्या कशामुळे चुकल्या, ते विचारायचं राहूनच जातं.

आमच्याकडे पन्नाशीच्या एक मावशी यायच्या. उपाशीपोटीची साखर अडीचशेच्या खाली येत नव्हती. गोळ्यांचा डोस वाढवून झाला होता, आता इन्सुलिन सुरू करायचं ठरत होतं. त्या दिवशी बीपीचा पट्टा बांधता बांधता सिस्टरांनी सहज विचारलं, ‘मावशी, गेले पंधरा दिवस मन कशात लागतंय का?’ मावशी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘कशातच नाही. सकाळी उठून चूल पेटवायचीसुद्धा नको वाटते. गोळी हातात घेते आणि वाटतं, कशाला घ्यायची?’ पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढली, तर बरीचशी न फोडलेली. डोस वाढवून काय उपयोग होणार होता? गोळी पोटात जातच नव्हती.

मधुमेह आणि नैराश्य यांचं नातं असं आहे. मधुमेह नसलेल्यांच्या तुलनेत मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्य दुपटी-तिपटीने जास्त आढळतं. मन खचलं की औषधं चुकतात, चालणं बंद होतं, जेवणाला धरबंध राहत नाही. शिवाय सततच्या ताणामुळे शरीरात जी संप्रेरकं वाढतात, ती साखर वर ढकलतात. साखर वाढली की थकवा येतो, झोप मोडते, आणि माणूस आणखी खचतो. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार आपल्या देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. एवढ्या लोकांच्या साखरेचा हिशेब ठेवायचा आणि मनाची चौकशी करायची नाही, हे मला पटत नाही.

चौकशीचं साधन तयार आहे. फक्त दोन प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत, एक, काही करण्यात रस किंवा आनंद वाटेनासा झालाय का? आणि दोन, उदास, खिन्न किंवा निराश वाटतंय का? उत्तरं चार प्रकारची: अजिबात नाही, काही दिवस, अर्ध्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. त्यांना शून्य ते तीन गुण. दोन्हींची बेरीज तीन किंवा त्याहून जास्त झाली, की सविस्तर नऊ प्रश्न विचारायचे. याला ना मशीन लागतं, ना रक्त काढावं लागतं. आशाताई तीस वर्षांवरच्या लोकांचा जो फॉर्म घरोघरी भरतात, त्यातही हे दोन प्रश्न आहेत.

पण फॉर्मवर प्रश्न असणं आणि तो विचारला जाणं यात फरक आहे. दारात उभं राहून, सासूबाई शेजारी बसलेल्या असताना, ‘टेन्शन वगैरे काही नाही ना?’ असं विचारलं तर सून काय सांगणार? ‘नाही हो, काही नाही.’ प्रश्नातच उत्तर घातलेलं असतं. माझ्या आशाताईंना, सिस्टरांना आणि उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. शक्यतो माणूस एकटा असताना विचारा. ‘साखरेचा आजार सांभाळता सांभाळता पुष्कळ जण खचून जातात, म्हणून मी सगळ्यांनाच विचारते,’ असं आधी म्हणा. ‘किती दिवस असं वाटलं?’ हे मोजून घ्या. आणि विचारल्यावर थोडं थांबा. उत्तर यायला वेळ लागतो.

आपल्याकडे मनाचं दुखणं पुष्कळदा अंगावर बोलतं. ‘अंग मोडून येतं’, ‘डोकं जड झालंय’, ‘जीव घाबरा होतो’ अशा तक्रारी येतात. इथे दोन्ही बाजूंनी सावध राहायला हवं. छातीत धडधडतंय, घाम फुटलाय, हात थरथरतायत, तर ती भीती असेल असं धरून चालू नका. साखर एकदम खाली गेली तरी नेमकं असंच होतं, म्हणून आधी बोटाला टोचून बघा. पायांची आग मधुमेहाने नसांवर परिणाम झाल्याने होऊ शकते. थकवा थायरॉइडमुळे येऊ शकतो. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये बी 12 जीवनसत्त्व कमी पडू शकतं, त्यानेही थकवा येतो, मन मरगळतं. ज्याला नुसता मधुमेहाचा कंटाळा आलाय, पथ्याचा, खर्चाचा, घरच्यांच्या टोकण्याचा वैताग आलाय, त्याला नैराश्याचा आजार असेलच असं नाही. त्याचं ऐकून घेणं, पथ्य थोडं सोपं करून देणं, हाच त्याचा उपचार. दोन प्रश्नांनी निदान होत नाही, कोणाशी जास्त बोलायला हवं तेवढं कळतं.

आणि कळल्यावर पुढे काही करायचं नसेल, तर विचारण्यात अर्थ नाही. दिल्ली, चेन्नई, बंगळूरु आणि विशाखापट्टणम इथल्या चार दवाखान्यांत मधुमेह आणि नैराश्य दोन्ही असलेल्या 404 पेशंटांवर एक अभ्यास झाला. 2020 साली तो प्रसिद्ध झाला. निम्म्या लोकांना नेहमीचे उपचार मिळाले. बाकीच्यांच्या मागे एक प्रशिक्षित समन्वयक होता. तो डॉक्टर नव्हता. तो पेशंटशी नियमित बोलायचा, साखरेची आणि मनाची नोंद ठेवायचा आणि तज्ज्ञांशी चर्चा करून उपचार बदलायला डॉक्टरांना मदत करायचा. दोन वर्षांनी नैराश्य निम्म्याने तरी उतरलेलं आणि जोडीला साखर, बीपी किंवा कोलेस्टेरॉल यांपैकी एक तरी सुधारलेलं, असे पेशंट या गटात शंभरात सुमारे 72 निघाले, दुसऱ्या गटात सुमारे 57. हे दवाखाने मोठ्या शहरांतले होते, खेड्यातले नव्हते, हे मान्य. पण पाठपुरावा करणारी व्यक्ती मानसोपचारतज्ज्ञ नव्हती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. असं माणूस आपल्या उपकेंद्रातही आहे.

आमच्या मावशींना औषधांबरोबर समुपदेशन मिळालं. सिस्टर दर आठवड्याला फोन करत होत्या. इन्सुलिनची वेळ आली नाही, कारण गोळ्या पोटात जाऊ लागल्या आणि साखर हळूहळू उतरली.

नैराश्याच्या गोळ्यांचं नाव काढलं की लोक घाबरतात. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, त्यामुळे चार दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून सोडू नका, आणि बरं वाटल्यावरही आपल्या मनाने बंद करू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलात तर मधुमेहाच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. मनाच्या काही औषधांनी वजन आणि साखर वाढू शकते, म्हणून कोणतं औषध द्यायचं ते त्यांना नीट ठरवता यायला हवं.

आता घरच्यांसाठी. घरातलं माणूस ‘मी मेलो तर बरं होईल’ असं म्हणालं तर ते बोलणं उडवून लावू नका, वादही घालू नका. ‘तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. त्याला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध, गोळ्यांचा साठा आणि इन्सुलिन दुसऱ्याच्या ताब्यात ठेवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात घेऊन या.

आणि केंद्रात तुम्हाला कोणी विचारलंच नाही, तर केसपेपर हातात असतानाच तुम्ही बोला. ‘डॉक्टर, दोन आठवडे झाले, कशात मन लागत नाही, गोळ्याही नीट घेतल्या जात नाहीत,’ एवढं पुरे. समोर बसून सांगणं जड वाटत असेल तर सरकारची टेलिमानस ही मोफत फोनसेवा रात्रंदिवस सुरू असते, तिथे मराठीत बोलता येतं. नंबर लिहून घ्या: 14416. पुन्हा सांगतो, एक, चार, चार, एक, सहा.