तेल पेटलं तर पाणी नको, झाकण घाला

नमस्कार मंडळी. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर आलीय, घराघरांत नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्या, तळायला कढया चढतील. म्हणून आज थेट स्वयंपाकघरातूनच बोलतेय.

(झाकण कॅमेऱ्यासमोर धरून)

हे बघा, साधं पत्र्याचं सपाट झाकण. कढईच्या तोंडापेक्षा चार बोटं मोठं. गॅस पेटवायच्या आधी हे ओट्यावर हाताशी ठेवायचं. तेल पेटल्यावर शोधाशोध करायला वेळ मिळत नाही.

तेल जास्त तापलं की आधी धुरायला लागतं. तेव्हाच गॅस बंद करा. तरीही पेटलंच, तर बर्नर बंद करायचा आणि झाकण बाजूने सरकवत कढईवर घालायचं. हवा तुटली की आग विझते. कढई पूर्ण गार होईपर्यंत झाकण काढायचं नाही. आणि पेटती कढई उचलून अंगणाकडे पळू नका, बाई, अजिबात नका.

पाणी का नको? पाणी तेलापेक्षा जड, ते खाली जातं आणि तिथेच त्याची वाफ होते. त्या वाफेला पाण्याच्या सुमारे 1700 पट जागा लागते. मग ती जळतं तेल घेऊनच वर उसळते, पार छतापर्यंत.

फोंड्याला माझ्या मावशीकडे चवथीच्या आदल्या रात्री एक नेवरी कढईत फुटली. कड नीट दाबली गेली नव्हती. तेल मनगटावर उडालं. घरातल्या कुणीतरी मायेनंच टूथपेस्ट फासली. तासाभरात हात सुजला, काचेच्या बांगड्या रुतल्या. दवाखान्यात आधी बांगड्या कापल्या, मग ती वाळलेली पेस्ट पुसून काढली. मावशीचं ते कण्हणं अजून कानात आहे.

म्हणून भाजलं की लगेच अंगठी-बांगड्या काढा आणि हात वाहत्या गार पाण्याखाली धरा. तब्बल 20 मिनिटं, घड्याळ लावून. नळ गेला असेल तर विहिरीचं स्वच्छ पाणी तांब्याने ओतत राहा. बर्फ नको, हळद नको, तूप नको, टूथपेस्ट तर नकोच. फोड फोडू नका, कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका. वर स्वच्छ सुती कापड सैलसर ठेवा. चेहरा, हात किंवा सांधा भाजला असेल, किंवा भाजलेली जागा तळहाताहून मोठी असेल, तर डॉक्टरांकडे जा. जास्त असेल तर रुग्णवाहिकेसाठी 108.

मासे तळताना बांगडा आधी फडक्याने टिपून घ्या, मग रव्यात घोळवा. तव्यावर सोडताना शेपटीकडून धरून, आपल्यापासून लांबच्या बाजूला आडवा करा. निम्मे चटके तिथेच वाचतात.

आता गॅस. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. वास आला तर दिव्याचं, पंख्याचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि बाहेरूनच गॅसगळतीच्या मदत क्रमांकाला, 1906 ला, फोन करा. आग असेल तर 101.

आणि हो, व्हिडिओ थांबवून सिलिंडरची नळी आत्ताच वाकून बघा. तिच्यावर तारीख छापलेली असते. पाच वर्षं उलटली असतील, चीर पडली असेल किंवा उंदराने कुरतडली असेल, तर नेवऱ्यांच्या आधी नळी बदला.