पुराच्या दिवसातली सहा सदऱ्यांची गोष्ट

नमस्कार मंडळी! जेवणं झाली असतील, भांडी आवरत असाल, तर रेडिओचा आवाज जरा वाढवा. आज पुस्तकांबद्दल बोलूया, प्रेम आणि जादू एकत्र असलेल्या पुस्तकांबद्दल. इंग्रजीत त्याला रोमँटिक फँटसी म्हणतात, पण आपल्याला ते नवीन नाही, नाथमाधवांचं 'वीरधवल' घरात असायचं की नाही, तसलाच प्रकार. आता होतंय काय, मोबाईल उघडला की त्याच चार-पाच सिरीज दिसतात, आणि खरी चांगली पुस्तकं मागं पडतात. अशा मागं पडलेल्या तीन सिरीज सांगते.

पहिली सेव्हनवॉटर्स. नाव लक्षात ठेवा, सेव्हनवॉटर्स. लेखिका ज्युलिएट मॅरिलिअर, जन्म न्यूझीलंडचा, राहते ऑस्ट्रेलियात. पहिलं पुस्तक 'डॉटर ऑफ द फॉरेस्ट', १९९९चं. जुन्या काळातलं आयर्लंड, सोर्चा नावाची मुलगी आणि तिचे सहा भाऊ. सावत्र आई त्या सहांना हंस करून टाकते. सोर्चानं काटेरी झाडाचं सूत काढायचं, कापड विणायचं, सहा भावांना सहा सदरे शिवायचे, आणि ते अंगात घालेपर्यंत तोंडातनं एक शब्द काढायचा नाही. एक शब्द नाही!

आता हे पुस्तक माझ्या एवढं जवळचं का, तर २०१९चा ऑगस्ट. पंचगंगेचं पाणी शुक्रवार पेठेत शिरलं आणि आम्ही घाईघाईनं वरच्या मजल्यावर काकूंकडं गेलो. कपड्यांच्या गाठोड्यात हे पुस्तक पण आलं. लाईट नाही, मोबाईल बंद, एका खोलीत आम्ही अकरा माणसं आणि खाली जिन्याला पाणी लागल्याचा चुळुकचुळुक आवाज. काकूंची नात सात वर्षांची, त्या आवाजानं सारखी रडायची. म्हणून मी मेणबत्तीपाशी बसून गोष्ट सुरू केली, वाचायचं इंग्रजीत आणि सांगायचं मराठीत. आजी शेजारी वाकळ शिवत बसलेली. काट्यांनी सोर्चाचे हात सुजले, बोटं वाकडी झाली हे सांगितलं तशी आजीची सुई थांबली, म्हणाली, "आगं, त्या पोरीला कुणी जरा तेल तरी लावा की हाताला."

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतोय तर नात गप्प. चहा हवा का, तर मान हलवायची. भूक लागली, तर पोटाला हात लावून दाखवायची. दुपारी काकू घाबरल्या, पोरगीला झालं काय म्हणून, मग आजीच्या ध्यानात आलं, की सोर्चा बोलत नाही म्हणून ही पण बोलत नाही! आजी म्हणाली, "बोल गं बाय, तुला कुठं सदरं शिवायचं हाईत." तरी नाही. संध्याकाळी मेणबत्ती लागली, की पुस्तक उचलून माझ्या मांडीवर ठेवायची. पण त्या दिवसापासून रडणं थांबलं ते थांबलंच.

आणि सोर्चाला सांभाळणारा तो रेड, शत्रूच्या मुलखातला, तिच्याकडनं कधी एक शब्द ऐकलेला नाही, तरी तिच्या हाताकडं बघून तिचं दुखणं ओळखतो. मला विचाराल तर प्रेम ह्याला म्हणायचं, नुसत्या लांबलचक डायलॉगला नव्हे. आपल्या सिरियलवाल्यांनी हे एकदा वाचायला पाहिजे, तिथं माणसं एकमेकांचं दुखणं बघतच नाहीत, नुसती बोलत सुटतात.

पाणी उतरलं तेव्हा पाच सदरे झालेले. सगळे खाली गेले, चिखल काढायला. दोन दिवस खराटे, बादल्या, फिनेलचा वास. तिसऱ्या दिवशी मी ओली गादी उन्हात टाकत होते, तर नात मागं येऊन उभी राहिली आणि तिचा पहिला शब्द काय, तर, "सहावा?"

मग काय, तिथंच ओल्या पायरीवर बसून उरलेलं सांगितलं. आजी पण वाकळ घेऊन आली. त्या सहाव्या सदऱ्याचं काय झालं ते आज सांगत नाही, तुम्हीच वाचा. एक मात्र सांगून ठेवते, पुस्तकात सोर्चावर अत्याचाराचा एक फार कठोर प्रसंग आहे. तो मी मुलांसमोर गाळला होता, तुम्ही पण लहानांच्या हातात देताना ध्यानात ठेवा.

आता बाकीच्या दोन झटकन. लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांची 'द शेअरिंग नाइफ', २००६ ते २००९, चार पुस्तकं. डॅग एका हाताचा पहारेकरी, फॉन शेतकऱ्याची पोरगी, दोघांच्या जमाती वेगळ्या. त्याच्या लोकांत लग्न म्हणजे एकमेकांसाठी वळलेली दोरी हाताला बांधायची, त्यानं पण आणि तिनं पण. आपल्याकडं खूण फक्त बाईच्या गळ्यात का, हा प्रश्न मला तिथंच पडला. आणि शॅरन शिन यांची 'ट्वेल्व्ह हाऊसेस', पाच पुस्तकं, पहिलं २००५चं, 'मिस्टिक अँड रायडर'. आग अंगात बाळगणारी सेनेथ आणि तिच्यावर आधी अजिबात विश्वास न ठेवणारा राजाचा स्वार टेस. ह्या सिरीजमध्ये दर पुस्तकात जोडी बदलते.

तर पुन्हा एकदा, सेव्हनवॉटर्स, शेअरिंग नाइफ, ट्वेल्व्ह हाऊसेस. मधनं कुठनंही उचलू नका, पहिल्या पुस्तकापासनं वाचा. लायब्ररीत नसलं तर मागणी लिहून द्या, मागितल्याशिवाय कुणी आणत नाही. आणि घरात कुणाला इंग्रजी येत नसेल तर त्यांना मराठीत सांगा, रोज थोडं थोडं. आमची आजी आता दुसऱ्या पुस्तकावर आहे.