अण्णांची गिनती

नमस्कार मंडळी! आज आमच्या अण्णांबद्दल बोलायचंय. माझे वडील, माझ्या पोरांचे आजोबा, आणि मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचे, म्हणजे जंगी पलटणीचे जवान. यंदा गेले. शिरोळ तालुक्यात फौजी घरं काय कमी नाहीत, सैनिक टाकळी तर नावातच सैनिक घेऊन बसलीय, त्यामुळं गावाला फौजीचं नवल नव्हतं.

बेळगावला ट्रेनिंग झालं, मग १९७१ च्या लढाईत जमालपूर, आताच्या बांगलादेशातलं. पलटण शहराच्या दक्षिणेला रस्ता रोखून बसलेली. आपल्या ब्रिगेडियर क्लेर साहेबांनी समोरच्या पाकिस्तानी कर्नलला शरण या म्हणून चिठ्ठी धाडली, तर त्यानं जबाबाच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. ११ डिसेंबरला जमालपूर पडलं, १६ ला ढाका. हे सगळं अण्णा रंगवून सांगायचे, पण पोरांनी "तुम्ही काय केलं?" विचारलं की उत्तर एकच, "खंदक खणला."

बरं, मला सांगायचंय ते २०१९ च्या ऑगस्टमधलं. पाणी चढायलं होतं आणि गावातली जाणती माणसं २००५ च्या पुराची खूण दाखवून म्हणायची, ह्याच्यावर येत न्हाई. अण्णा म्हणाले, "ती खूण पाण्यानं वाचलीया व्हय? जनावरं सोडा आधी." आणि पाणी खुणेच्या वर गेलंच की! आम्ही सगळी माडीवर. दुसऱ्या दिवशी मिलिटरीची बोट आली, झुंबड उडाली, आणि अण्णांनी आरोळी ठोकली, "फॉल इन!" आमची गल्ली एरवी कुणाच्या बापाचं ऐकत नाही, पण उभी राहिली ओळीत. आधी बाळंतीण, मग म्हाताऱ्या, मग पोरं. बोटीवरचा जवान कोवळा पोरगा, म्हणाला, "बाबा, आप पहले चढिए." अण्णा म्हणाले, "पहले गिनती." मोजली तर एक माणूस कमी! शेजारचे काका गॅसची टाकी आणायला परत घरात गेलेले. अण्णा छातीभर पाण्यातनं गेले, त्यांना दंडाला धरून आणलं, टाकी तिथंच. त्या टाकीवरनं काका पुढं कितीतरी दिवस बोलत नव्हते. आणि अण्णा बसले शेवटच्या फेरीत. शेवटच्या, बरं का मंडळी.

छावणी शाळेत होती. मदत खूप आली, पण एक सांगते, पूरग्रस्तांना साडी पाठवताय तर नेसता येईल अशी तरी पाठवा, आमच्या वाट्याला जी गाठोडी आली त्यातल्या निम्म्या कपड्यांची पायपुसणी झाली. असो.

तर छावणीत अण्णांनी रोज संध्याकाळी गिनती सुरू केली, वही घेऊन. सगळे हजर म्हणायचे, पोरं तर खच्चून ओरडायची. फक्त आमची आई म्हणायची, "मी हितं भाकऱ्या थापायलोय, दिसत न्हाई व्हय?" अण्णा तिच्या नावापुढं लिहायचे, गैरहजर.