हळद रक्तात किती पोचती?

नमस्कार मंडळी. आज हळद. ती जखमेवर दाबतात, दुधात घालतात, हे मी सांगायला नको. रक्तातल्या पांढऱ्या पेशींशी ती काय करते, ते बघू.

एका जुन्या तालमीत पोरांपुढं बोलायला गेलो होतो. हौद्यातली तांबडी माती नुकतीच ताक, तेल, लिंबू, कापूर आणि हळद घालून कालवलेली. वस्ताद कडेला मांडी घालून. मी सांगत होतो, प्रयोगशाळेत माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात. त्यांना जिवाणूच्या आवरणाचा अंश दिला की त्या खवळतात आणि टीएनएफ, आयएल-सिक्स नावाची प्रथिनं निरोप म्हणून सोडतात. त्यातूनच सूज, त्यातूनच ताप. आत एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन दावणीच्या बैलासारखं बांधलेलं असतं. दावं तुटलं की ते केंद्रकात घुसतं आणि निरोपांची जनुकं चालू करतं. हळदीतलं कर्क्युमिन ते दावं तुटू देत नाही. निरोप घटतात.

वस्ताद म्हणाले, "हे बाटलीत झालं न्हवं?"

"हो."

"आन् पोरगं हळद खातंय तोंडानं. मधी पोट हाय, काळीज हाय. रक्तात किती पोचती ते सांगा की!"

पोरं खो खो हसली. पण मंडळी, प्रश्न तोच आहे. रक्तात पोचते किती? फार थोडी. हळदपुडीत कर्क्युमिन असतं साधारण ३ टक्के. त्यातलं आतड्यातून थोडंच शोषलं जातं आणि यकृत त्याचं लगेच रूपांतर करतं. बाटलीत पेशींना मिळतं तेवढं खाऊन रक्तात चढत नाही. पुन्हा सांगतो, बाटलीतलं वेगळं, पोटातलं वेगळं.

१९९८ साली बेंगळुरूच्या संशोधकांनी २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतलं पायपरिन २० मिलिग्रॅम दिलं, तर रक्तातलं प्रमाण सुमारे २० पट वाढलं. वस्ताद लगेच, "मिरी पांढऱ्या रश्श्यात हायच!" (हल्ली काही हॉटेलांत मिरी नावाला आणि काजूच ओततात. त्याला पांढरा रस्सा म्हणायला माझी जीभ वळत नाही. असो.)

मुळात नगण्य असलेलं २० पट झालं तरी फार होत नाही. शिवाय पायपरिन यकृताचं काम मंदावतं, म्हणून इतर गोळ्याही रक्तात जास्त वेळ राहू शकतात. आमटीतली हळद-मिरी खुशाल खा. प्रश्न कॅप्सूलचा आहे. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर हळद-मिरीची कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.