भिशीच्या दिवशी पुस्तक

[दृश्य: निपाणी, दुपार. ओसरीवर सुपं मांडलेली. तंबाखू, कात्रीनं कापलेली पानं, दोरा.]

निवेदन:
विडी वळणाऱ्या बाईचे हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यात बायकांचं वाचनमंडळ काढायचं तर एकीनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. कन्नड माध्यमात शिकलेल्या सुना-मुली घरी मराठीच बोलतात, पण छापील मराठी अडखळत वाचतात. ऐकताना मात्र त्यांचं काही अडत नाही. अर्ध्या तासात दहाएक पानं होतात. त्याहून ताणलं की भिशीचे पैसे आणि लग्नाच्या याद्या सुरू झाल्याच म्हणून समजा.

पहिलं पुस्तक चुकलं तर दुसऱ्या बैठकीला निम्म्या बायका येत नाहीत. ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलने’नं सुरुवात करायचा मोह होतो, कारण ते पुस्तक 1882 चं आणि पातळ. पातळ असलं तरी सोपं नाही. वाक्यं लांबच लांब, मध्येच पुराणातले दाखले. संदर्भ आधी सांगून टाकावा: सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येसाठी 1881 मध्ये फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी झाली, पण त्या निमित्तानं वर्तमानपत्रांतून समस्त बायकांनाच झोडपलं गेलं. बुलढाण्याच्या ताराबाई त्याला उत्तर देतायत. म्हणून हे पुस्तक भांडणाच्या आवाजात वाचावं. प्रवचनाच्या सुरात वाचलं की जांभया येतात.

[दृश्य: पुस्तकाचं पान, त्यावर फिरणारं बोट.]

आधी धरावं ते बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’. फलटण भागातल्या महारवाड्याचं हे कथन 1986 मध्ये पुस्तकरूपानं आलं. लिहिलेले कागद त्यांनी घरच्यांपासून वर्षानुवर्षं लपवून ठेवले होते. बोली इकडच्या कानाला परकी वाटत नाही. त्यात सासरहून पळणाऱ्या सुनेला घातलेल्या खोड्याचं वर्णन आहे: भोक पाडलेला जड ओंडका पायात अडकवायचा, आणि तो ओढत तिनं घरातली कामं करायची. इथं वाचणारीनं थांबावं, पान उलटायची घाई करू नये. गप्प बसलेल्या सासवा बोलायला लागतात त्या इथंच.

एक धोका आहे. मंडळ एकाच गल्लीतलं, एकाच जातीचं असलं की चर्चा ‘त्यांच्यात असंच असतंय’वर घसरते. तसं झालं की पुढच्याच बैठकीला लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ काढावी. ब्राह्मण घरातलं सोवळं, बाजारची वस्तू धुतल्याशिवाय घरात न घेणारे वडील, तापट नवरा. हसता हसता बायका आपल्याच घराकडे येतात. चारही भाग एकदम घेऊ नयेत. 1934 चा पहिला भाग पुष्कळ झाला.

यल्लम्मा देवीची सौंदत्ती इतकी जवळ असताना राजन गवस यांची ‘चौंडकं’ टाळता येत नाही. देवीला वाहिलेल्या जोगतिणीच्या आयुष्यावरची ही कादंबरी 1985 ची. देवदासी प्रथेला बंदी घालणारा कर्नाटकाचा कायदा 1982 चा. मंडळात यल्लम्माला नवस बोललेल्या बायका असतातच. ‘अंधश्रद्धा’ हा शब्द पहिल्या दिवशी उच्चारलात तर त्या उठून जातील, आणि त्यांचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. लेखक पुरुष आहे, हेही सांगून ठेवावं.

बैठक लवकर आटोपली तर बेळगावातच राहिलेल्या इंदिरा संतांची एखादी कविता वाचावी. एकच, आणि दोनदा.

[दृश्य: दोघी शेजारणी, एकच पुस्तक.]

शेजारची कन्नड वहिनी यायला तयार असेल, तर उमा कुलकर्णी यांचं ‘संवादु-अनुवादु’ निवडावं. बेळगावात वाढून कन्नड साहित्य मराठीत आणणाऱ्या बाईचं हे आत्मकथन. चार पानं मराठीत वाचायची, मग कुणीतरी कन्नडमध्ये सांगायचं. अशा बैठकीला वेळ दुप्पट धरावा.