रात्री बारा ते चार

नमस्कार श्रोतेहो.

पुण्याला समुद्र नाही, पण नौदल पुण्याला परकं नाही. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत नौदलाचे अधिकारी घडतात. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात १९४५ पासून जहाजाची इंजिनं सांभाळणारे नौसैनिक शिकतात. मीही तिथंच शिकलो आणि पुढची नोकरी इंजिनरूममध्ये केली. आता जुन्नर, भोर, बारामतीकडची मुलं अग्निवीर होऊन ओडिशात आयएनएस चिल्का या प्रशिक्षण केंद्रात जातात. २०२३ च्या मार्चमध्ये तिथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत मुलीही होत्या. या मुलांचे आईवडील भेटले की विचारतात, लढाई नसते तेव्हा पोर जहाजावर दिवसभर करतं तरी काय?

ते वॉच करतं. म्हणजे पहारा म्हणा, पाळी म्हणा. जहाज समुद्रात असलं की ब्रिज, म्हणजे जिथून जहाज चालवतात ती जागा, इंजिनरूम, रडार यांतली एकही जागा क्षणभर रिकामी राहून चालत नाही. म्हणून दिवस चार-चार तासांत वाटलेला असतो. फक्त दुपारी चार ते रात्री आठ या वेळेचे दोन तुकडे करतात, त्यांना डॉग वॉच म्हणतात. त्यामुळे पाळ्या सहाच्या सात होतात. तीन तुकड्या आळीपाळीनं उभ्या राहिल्या, तर कुणाच्याही नशिबी रोज तीच वेळ येत नाही. एका तुकडीचं बघा, आज मध्यरात्री बारा ते चार, मग दुपारी बारा ते चार, पुन्हा रात्री आठ ते बारा. एका दिवसात बारा तास! उद्या सकाळी आठ ते बारा आणि संध्याकाळी सहा ते आठ. परवा पहाटे चार ते आठ आणि दुपारी चार ते सहा. चौथ्या दिवशी पुन्हा मध्यरात्र.

आणि ही झाली फक्त वॉच. उरलेल्या वेळात साफसफाई, मशिनची दुरुस्ती, गंजलेलं लोखंड घासून रंग देणं, आणि कवायती. आगीची कवायत तर अचानक होते. समुद्रात आग लागली तर बाहेरून बंब येत नाही, विझवायची आपणच. लोणावळ्याला आम्हाला एका खोलीत उभं करून तिच्यात पाणी सोडायचे, आणि छातीपर्यंत पाणी चढत असताना लाकडी पाचरी ठोकून भोकं बुजवायला लावायचे. जहाजावर गेल्यावर त्याची किंमत कळली.

इंजिनरूमविषयी थोडं जास्त बोलतो, कारण तिथली माणसं कुणाला दिसत नाहीत. खाली खिडकी नसते. उकाडा असा की अंगातली डांगरी, म्हणजे कामाचा सलग पोशाख, मिनिटांत भिजते. आवाजापायी कानांवर इअरमफ, त्यामुळे बोलणं बरंचसं खुणांनी. दर तासाला फेरी मारायची, तेलाचा दाब बघायचा, तापमान बघायचं, लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, लिहायचं. बिल्जमध्ये, म्हणजे जहाजाच्या अगदी तळाशी, पाणी साचलं का ते बघायचं. अनुभवी चीफ, म्हणजे आमचा वरिष्ठ नौसैनिक, यंत्राच्या बेअरिंगच्या आवाजातला बारीक फरक ओळखतो आणि आकडा हलण्याआधी माणूस पाठवतो. समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्रही आमच्याच लोकांकडं. ते रुसलं की सगळ्यांच्या आंघोळीवर गदा.

यात सर्वांत मोठी गोष्ट मी मानतो ती पाळी बदलण्याची. पालखीचे भोई खांदा बदलतात, पण पालखी जमिनीला टेकू देत नाहीत. तसंच हे. बाराच्या वॉचला येणारा बारा वाजता आला तर तो उशिरा आला. वर टेहळणीला उभं राहणाऱ्याच्या डोळ्यांना अंधार सरावायलाच वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणून रात्री ब्रिजवर पांढरा दिवा लावत नाहीत. जाणारा सांगतो, वेग इतका, दिशा ही, उजवीकडे मासेमारी बोटींचे दिवे आहेत. खाली आम्ही सांगायचो, दोन नंबरच्या पंपावर नजर ठेव. येणाऱ्यानं 'समजलं' म्हटल्याशिवाय जाणारा हलत नाही, मग त्याचे डोळे मिटत असले तरी. आयएनएस विक्रांतसारख्या विमानवाहू जहाजावर सोळाशेच्या आसपास माणसं असतात. त्यांतली बरीच रात्री झोपू शकतात ती या एका शिस्तीवर. माझ्या मते नौसैनिकाचं शौर्य रोज इथं दिसतं.

बंदरात थोडं सैल असतं. सकाळी आठला ध्वज चढतो, संध्याकाळी काही जण बाहेर जातात. तरी ड्युटीची तुकडी रात्री जहाजावरच थांबते.

आता आईवडिलांना दोन गोष्टी. समुद्रात असताना फोन येणार नाही आणि जहाज कुठं आहे हेही कळणार नाही. घाबरून जाऊ नका. आणि पोर सुट्टीवर आलं की पहिले काही दिवस रात्री तीनला जागं होईल, दुपारी गाढ झोपेल. त्याला आळशी म्हणू नका, पाहुण्यांसाठी उठवू नका. अंगातली वॉच उतरायला वेळ लागतो. त्याला झोपू द्या, जेवण झाकून ठेवा.

नमस्कार.