मागणी राणीनं घालायची

केन्सिंग्टन राजवाड्यात वाढणाऱ्या एका मुलीला कुणाचा तरी हात धरल्याशिवाय जिना उतरायची परवानगी नव्हती. झोपायचं तेही आईच्याच खोलीत. ती मुलगी २० जून १८३७ रोजी ब्रिटनची राणी झाली. वय १८. त्याच दिवशी तिनं आपला पलंग आईच्या खोलीतून हलवायला सांगितलं.

२००९ सालचा ‘द यंग व्हिक्टोरिया’ हा चित्रपट सुरू होतो तो या बंदिस्त बालपणापासून. एमिली ब्लंटची व्हिक्टोरिया आणि रुपर्ट फ्रेंडचा अल्बर्ट. सँडी पॉवेल यांना यातल्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळालं, आणि ते कपडे पाहताना डोळ्यांचं पारणं फिटतं. पण या प्रेमकथेचा जीव आहे तो दरबारी रिवाजात.

अल्बर्ट तिचा मामेभाऊ, वयानं तीन महिन्यांनी लहान. १० ऑक्टोबर १८३९ च्या संध्याकाळी तो विंडसरला आला, तेव्हा राणी जिन्याच्या वरच्या टोकाला त्याच्या स्वागताला उभी होती. यावेळी कुणाचाही हात न धरता. तो फार देखणा आहे, असं तिनं रोजनिशीत लिहिलं. सामान वेळेवर पोहोचलं नाही, म्हणून बिचारा त्या रात्री जेवणालाही येऊ शकला नाही!

त्याला ती कितीही आवडली, तरी राज्य करणाऱ्या राणीला मागणी घालायची सोय कुणालाच नव्हती. विचारायचं तिनंच. पाचच दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, दुपारी साडेबाराच्या सुमारास तिनं त्याला बोलावून घेतलं. खोलीत दोघंच. मी का बोलावलं, हे तुझ्या लक्षात आलंच असेल, अशी तिनं सुरुवात केली. वीस वर्षांच्या मुलीनं हे वाक्य मनात किती वेळा जुळवलं असेल!

चित्रपटात पुढं राणीवर झाडलेली गोळी अल्बर्टला लागते. प्रत्यक्षात जून १८४० मधल्या त्या हल्ल्यात दोघांनाही काहीच झालं नाही. प्रेम दाखवायला रक्ताची गरज नव्हती, असं मला मनापासून वाटतं. त्यापेक्षा २३ नोव्हेंबर १८३९ चा दिवस पाहा. प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे राणीच्या सल्लागार मंडळाच्या, ऐंशीहून अधिक सभासदांसमोर राणी एकटी आहे. लग्नाची घोषणा तिलाच वाचायची आहे. कागद धरलेले हात थरथरताहेत, आणि मनगटावरच्या कंकणात आहे अल्बर्टचं छोटंसं चित्र.